येण्याचे कारण

‘लोकल आयडी चालणार नाही.’ अंधेरी-घाटकोपरकडच्या स्वस्त लॉजांत ही पाटी लक्ष्मीच्या तसबिरीखाली, चेकआउटच्या वेळेशेजारी, लॅमिनेट करून लावलेली असते. मुंबईचा पत्ता असलेल्या माणसाला मुंबईत खोली मिळत नाही, एवढाच तिचा अर्थ. अंधेरीच्या अशाच एका लॉजात मला खोली का हवी होती ते इथे सांगण्यासारखं नाही. काउंटरवरच्या मुलालाही ते ऐकायचं नव्हतं. माझ्या आधार कार्डावर पत्ता बोरिवलीचा आहे आणि मी राहतो नाशिकला. बोरिवलीची इमारत पुनर्विकासात पाडली, कार्डावर ती अजून उभी आहे. पाकिटात नाशिकच्या पत्त्याचं लायसन्स सापडलं आणि तोच मी, त्याच बॅगेसकट, क्षणात गिऱ्हाईक झालो. रागवावं असं त्यात काहीच नाही. पण ते डोक्यातून जातही नाही.

असा कायदा नाही. सज्ञान माणसानं ओळखपत्र दाखवून स्वतःच्याच शहरात खोली घ्यायला कुठलाही कायदा मनाई करत नाही, बरोबरच्या माणसाशी लग्न झालंय का हेही विचारत नाही. नियम लॉजवाल्यांनी केलाय, भीतीपोटी. आणि भीती अगदीच पोकळ म्हणता येत नाही. २०१५च्या ऑगस्टमध्ये मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले, जोडप्यांना खोल्यांतून काढून ठाण्यावर नेलं आणि सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केल्याचं कलम लावून दंड वसूल केला. कडी लावलेली खोली सार्वजनिक कशी, यावर तेव्हा बरीच ओरड झाली, पोलीस आयुक्तांनी चौकशी लावली. लॉजवाल्यांनी मात्र आपल्यापुरता धडा घेतला: लांबचा माणूस म्हणजे प्रवासी, जवळचा माणूस म्हणजे भानगड.

जवळच्या माणसाला एक रात्र घराबाहेर झोपायला भानगडीखेरीज कारणच असू शकत नाही? मुलुंडला एका खोलीत पाच जण राहतात, त्यातल्या एकाची उद्या परीक्षा आहे. कुणाच्या घरी रंग लागलाय. कुणाची शेवटची गाडी चुकलीय. आणि एखाद्याला नुसतंच, कुणाशी भांडण नसताना, एक रात्र दार लावून पंख्याखाली एकटं पडायचंय. हे शेवटचं कारण मला सगळ्यात खरं वाटतं, आणि नेमकं तेच रजिस्टरात लिहिता येत नाही.

रजिस्टर म्हणजे ती लांबट, जाड पुठ्ठ्याची वही. नाव, वय, कुठून आलात, कुठे जाणार, येण्याचे कारण. माझ्या वरच्या ओळींत ‘ऑफिशियल’, ‘व्हिसा’, ‘शूटिंग’, ‘हॉस्पिटल’ अशी कारणं होती. एकानं ‘काम’ लिहिलं होतं आणि त्याच्यामागून आलेल्यांनी खाली नुसत्या दोन रेघा मारल्या होत्या, शाळेच्या हजेरीपटात मारतात तशा. मीही रेघाच मारल्या. खोली ठीक होती. खिडकी उघडत होती ती पाइपांच्या बोळात. आरशाच्या कडेला कुणाकुणाच्या टिकल्या चिकटलेल्या, लाल, मरून, एक मोरपंखी. त्यांची कारणं काय लिहिली गेली असतील? विमानं इतक्या खालून जात होती की पेला हलायचा.

खाली परमिट रूम होती. लॉज वर आणि बार खाली, किंवा शेजारी, ही उपनगरांतली जुनी जोडी. बाहेरून काचा काळ्या, आत दिवे लाल नाहीतर निळे, टीव्हीवर आवाज बंद केलेली मॅच आणि स्पीकरवर भलतीच जुनी गाणी. नॉन-एसीत बसलात तर एक दर, पडदा सारून आत गेलात तर दुसरा. उकडलेले चणे, काकडी, शेव बशीत न मागता येते. पेला तळाला गेला की वेटर ‘रिपीट?’ एवढंच विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता वळतो. मालक बहुतेक उडुपी-मंगळुरूकडचा शेट्टी. घाटकोपरच्या एका बारमध्ये मी मेन्यूकार्डावर ‘जैन मंचुरियन’ वाचलंय. मुलुंड चेक नाक्याजवळ, जकात होती तेव्हा, ट्रकांची रांग हलेपर्यंत ड्रायव्हर येऊन बसायचे. २०१७ साली जकात गेली, टेबलं राहिली, त्यांवर आता कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून माणसं बसतात. एकटा आलेला माणूस समोरच्या खुर्चीवर बॅग ठेवतो. जागा अडवायला की सोबतीला, माहीत नाही.

कारण इथेही लागतं, आणि ते छापील आहे. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहे, फक्त त्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आला. म्हणजे कायद्याच्या लेखी आपल्याकडे दारूबंदीच आहे आणि पिणारा हा अपवाद. म्हणून तर पाटीवर ‘परमिट’. एका दिवसाचा परवाना विदेशी दारूला पाच रुपये, देशीला दोन, जन्मभराचा हजार. परवाना कशासाठी? प्रकृतीच्या रक्षणासाठी. एके काळी त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागत असे, आणि ज्याला तो मिळत नसे तो चोरून दारू विकणाऱ्या एखाद्या आंटीच्या घरी मागच्या दारानं जात असे. आता परवाना कुणी मागत नाही. म्हणजे वर झोपायला कारण, खाली प्यायला कारण. खालचं खोटं सरकारनंच आपल्या वतीनं लिहून ठेवलंय. वरचं आपलं आपल्याला लिहावं लागतं. आणि खाली लोकल माणूस चालतो. लोकल माणसावरच तर तो बार चालतो.

पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. ही म्हण मला तिथेच, चण्यांच्या बशीसमोर आठवली आणि मग सुटेना. माझी आजी तिचा पहिलाच तुकडा म्हणायची, ओट्याशी उभी राहून, पण बाहेर ऐकू जाईल अशा बेतानं. बोरिवलीच्या आमच्या दीड खोलीत पाहुणा नाही असा महिना मला आठवत नाही. संगमेश्वराकडचे एक नात्यातले आजोबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आले होते. डोळा बरा झाला, मग दुसरा दाखवायचा राहिला होता, मग पाऊस लागला. आजीनं पोळी लाटताना ‘पहिल्या दिवशी पाहुणाऽ’ म्हटलं, की बाहेरून ते उरलेली म्हण चाल लावून पुरी करायचे आणि वर विचारायचे, “वहिनी, चहा टाकताय ना?” ही म्हण आपल्यासाठी आहे असं त्यांच्या मनाला शिवलंच नसावं. किंवा पुरतं शिवलं असावं, आणि तेच त्यांचं उत्तर असावं. आजी चहा टाकायची, तेवढं मात्र नक्की.

पण तीनच दिवस का? पहिला दिवस कौतुकाचा, दुसरा रीतीचा, हे समजतं. तिसऱ्याच दिवशी अक्कल कशी जाते? मला वाटतं, म्हण यजमानानं रचलीय, म्हणून तिला तसं दिसतं. पाहुण्यानं रचली असती तर क्रम उलटा झाला असता. पहिल्या दिवशी तो अवघडलेला असतो. दुसऱ्या दिवशी अंघोळीची बादली कुठली ते कळतं. तिसऱ्या रात्री दिवा न लावता, कुणाच्या अंगावर पाय न देता, मोरीपर्यंत जाता येतं. यजमानाच्या हिशेबात ज्या दिवशी पाहुण्याची अक्कल जाते, त्याच दिवशी पाहुण्याला त्या घराची अक्कल येते. मग आपण त्याला जायला सांगतो. लॉजला तिसऱ्या दिवसाचं काही वाटत नाही, पैसे भरलेले असले की झालं. बारला तर तिसराच दिवस हवा असतो: पहिल्या दिवशी तुम्ही कुणी नसता, दुसऱ्या दिवशी साहेब, तिसऱ्या दिवशी काही न सांगता पेला समोर येतो. घरात जे आजीला खटकायचं ते इथे विकायला ठेवलंय.

आणि म्हण सगळ्यांनी मनावर घेतली असती तर मुंबई वसलीच नसती. लालबाग-परळकडच्या गावकीच्या खोल्या, जिथे एकाच गावचे गिरणी कामगार पाळीपाळीनं झोपायचे. धोबी तलावाकडची गोवेकरांची कूड, जिथे बोटीवर चढायच्या आधी खलाशी आपल्या गावच्या नावाच्या खोलीत पेटी ठेवायचा. तिथे नियम आजच्या पाटीच्या नेमका उलट होता. तू आमच्या गावचा आहेस का? असशील तर ये. ही व्यवस्था जास्त माणुसकीची होती असं म्हणायचा मोह होतो, पण तिथे दुसऱ्या गावच्या माणसाचं काय व्हायचं? त्यालाही ‘चालणार नाही’च ऐकावं लागत असणार, फक्त लॅमिनेट न करता.

दुसऱ्या दिवशी मला वेळ होता, म्हणून मी बोरिवलीला उतरून राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीला गेलो. लॉज आणि बारच्या गोष्टीत कान्हेरीचं काही काम नाही. पण गेलो.

शंभरावर लेणी आहेत. चैत्य आणि मोठ्या मूर्ती लोक पाहतात. मला या वेळी फक्त लहान लेणी दिसत होती. पायऱ्या, ओसरी, बसायला दगडात कोरलेला लांब कट्टा, आत एक खोली, काही ठिकाणी झोपायचा ओटाही कोरलेला, आणि दाराशी पावसाच्या पाण्याचं टाकं. राहायची सोय, पाणी चोवीस तास. २०१७ साली अंधेरीच्या एमआयडीसीत झोपण्यापुरते कप्पे भाड्यानं देणारं हॉटेल निघालं तेव्हा मुंबईत हे नवंच असल्याचं लिहून आलं होतं. असो. भिक्खूंनी वर्षभर फिरावं, एका जागी रमू नये, फक्त पावसाळ्यात थांबावं, असा मूळचा नियम; वर्षावास. येण्याचे कारण: पाऊस. मुंबईत हे कारण आजही कुणीही मान्य करील. कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी लेणी कोरवायला पैसे देत, आणि पावसाळ्यात राहणाऱ्या भिक्खूला चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, रक्कम मिळत राहावी म्हणून मुद्दल कधी न मोडणारी ठेव ठेवत. शिलालेखांत ते नोंदलेलं आहे. आणि मग ते पावसाळ्यापुरते पाहुणे हजारभर वर्षं राहिले. संगमेश्वरच्या आजोबांचंही पाऊस हेच शेवटचं कारण होतं, हे मला तिथे कट्ट्यावर बसल्यावर सुचलं आणि एकट्याला हसू आलं.

नव्वद नंबरच्या लेण्यात पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ साली काही पारशी मंडळी तिथे येऊन गेली, त्यांनी दिवस, महिना, साल आणि आपली नावं बापांच्या नावांसकट कोरून ठेवली. मजकूर जवळजवळ एवढाच. दुसऱ्यांच्या धर्माच्या जागी ते भक्तीनं आले, कुतूहलानं आले की नुसती सहल काढून आले, यावर आपण काय वाटेल ते रचू शकतो. रजिस्टर आहे, त्यात कारणाचा रकाना नाही. आणि त्यांनी ते स्वतः भरलंय, कुणी विचारलेलं नसताना. हे मला फार आवडलं. पण खाली उतरताना वाटलं, मला कुणी काही न विचारता किल्ली दिली असती तर आवडलं असतं का? आता अशीही ठिकाणं आहेत, फोनवर आकडा येतो, दार उघडतं, माणूस दिसतच नाही. आजीच्या घरी तर लॉजपेक्षा कितीतरी जास्त विचारलं जायचं: कशाला आलास, कधी जाणार, तिकीट काढलंस का, पोट साफ आहे ना. त्याला आपण आपुलकी म्हणतो.

लेण्यांच्या ओट्यांवर, झाडांखाली, जोडपी बसली होती. बहुतेक सगळी कांदिवली-मालाड-दहिसरची असणार; लोकल आयडीवाली. ब्रह्मचाऱ्यांसाठी कोरलेल्या कट्ट्यांवर शहरानं त्यांना संध्याकाळपर्यंतची जागा दिलीय. फाटक बंद व्हायच्या आत निघायचं.

वाटेत आदिवासी पाड्यांवरच्या बायका काकड्या, चिंचा, आवळे घेऊन बसतात. त्यांचे पाडे उद्यानाच्या हद्दीत आहेत, आणि उद्यान व्हायच्या आधीपासून आहेत असं त्या सांगतात. १९९७ साली उच्च न्यायालयानं उद्यानातली अतिक्रमणं काढण्याचा आदेश दिला, तेव्हापासून तुम्ही इथले कशावरून, हा प्रश्न पाड्यांच्याही दाराशी येऊन उभा राहिला. एकीकडून मी काकडी घेतली. “मीठ-तिखट लावू का दादा?” म्हणाली. चिरता चिरता ती मुलीच्या दाखल्यासाठी कुठल्या कुठल्या कचेऱ्यांत हेलपाटे घातले ते सांगत होती. कागद आहेत, पण पुरेसे जुने नाहीत. मी मनात तिला अंधेरीच्या त्या काउंटरसमोर उभं केलं. तिच्या कार्डावर बोरिवली पूर्व असणार. म्हणजे ती लोकल, खोली मिळणार नाही. कचेरीतल्या काउंटरवर मात्र ती इथली असल्याचं अजून ठरायचंय. एका खिडकीवर ती फारच इथली आणि दुसऱ्या खिडकीवर पुरेशी नाही. यातली कुठली खिडकी चूक, हे मला सांगता येत नाही. त्या लॉजवाल्याची भीती मला कळते. जंगल राहावं असंही मला वाटतं. आणि माझं स्वतःचं कार्ड बदलून घ्यावं का, हा त्या मानानं क्षुल्लक प्रश्न, तोही तसाच पडून आहे.