चूल आहे आमच्याकडं

परवा आमच्या चर्चचा हॉल रंगवायला काढला. सामान हलवताना मागच्या खोलीत दोन मोठी पातेली दिसली आणि २०२० सालचा एप्रिल-मे आठवला.

२५ मार्चला लॉकडाऊन लागला आणि थोड्याच दिवसांत मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसं चालत निघाली. भिवंडी, शहापूर, कसारा घाट, पुढे नाशिक... डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. आम्ही पॅरिशमधले दहा-बारा जण पहाटे खिचडी चढवायचो आणि पोलिसांचा पास घेऊन आसनगावजवळ रस्त्याकडेला उभे राहायचो. तानसा, भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणं याच शहापूर तालुक्यातली. आणि मुंबईहून चालत आलेली माणसं आमच्याकडे आधी पाणीच मागायची.

एके दिवशी उरलेली पाकिटं घेऊन मुरबाडकडच्या एका वीटभट्टीवर गेलो. सगळी कातकरी कुटुंबं. दिवाळीनंतर उचल घेऊन भट्टीवर यायचं, पावसाआधी घरी परतायचं, हा त्यांचा दरवर्षीचा क्रम. आता काम बंद आणि रेशनकार्ड गावाला राहिलेलं. आम्ही रांग लावायला सांगितली. मी फोटोसाठी मोबाइल काढला. एका बाईने पाकीट घेतलंच नाही. म्हणाली, "दादा, शिजवलेलं नको. तांदूळ दे, मीठ-मिरची दे. चूल आहे आमच्याकडं."

खरं सांगतो, मला राग आला. पहाटेपासून आम्ही राबतोय आणि यांचं हे! गाडीत तसं बोलूनही दाखवलं. बरोबरच्या मावशी एवढंच म्हणाल्या, "तुझ्या आईने किती दिवस डबे घेतले होते रे?"

मी गप्प. बाबा गेले तेव्हा शेजारून डबे यायचे. दहाव्या दिवशी आईने डबा घासून परत पाठवला आणि स्वतः भात टाकला. घरात दुसरं काही नव्हतं. तरी त्या दिवशी आम्ही पोटभर जेवलो होतो.

पुढच्या आठवड्यापासून भट्टीवर कोरडा शिधा न्यायला लागलो: तांदूळ, डाळ, तेल, मीठ, मिरची, चहा-साखर. हायवेवर मात्र खिचडीच. चालणाऱ्याकडे चूल कुठली? रांग आणि फोटो दोन्ही बंद केले.

नंतर एकदा गेलो तेव्हा त्याच बाईने आम्हाला बसवून कोरा चहा दिला. मी नको म्हणणार होतो. मावशींनी डोळे वटारले, मग मुकाट्याने घेतला.

असो. पातेली घासून परत जागेवर ठेवली आहेत.