घरातला समुद्र

आमच्या पुण्याच्या घरी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात शंभर लिटरांचा एक समुद्र आहे. पाहुणे येतात, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारे विदूषक मासे आणि त्यांना आसरा देणारे समुद्रफूल न्याहाळतात आणि म्हणतात, "किती शांत वाटते हो!" मला मात्र त्या शांततेचे हसू येते. काचपेटीच्या मागे जो कारखाना अहोरात्र चाललेला असतो, तो त्यांना दिसत नाही. आणि त्या कारखान्याचा झाडूवाला मीच आहे!

खऱ्या समुद्राला कोणी घासत नाही. लाटा त्याच्यात हवा मिसळतात, भरती-ओहोटी त्याचे पाणी हलते ठेवतात. काचेच्या पेटीत हे काम यंत्रांकडे येते, आणि यंत्रांची सेवा माणसाकडे. खारे पाणी यंत्रांना मोठे जाचक. पाण्याची वाफ होऊन जाते, मीठ मात्र मागे राहते आणि काचेच्या कडांवर, विजेच्या तारांवर पांढऱ्या बुरशीसारखे चढत जाते. दर रविवारी वीज बंद करून ते ओल्या फडक्याने पुसावे लागते. आटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेच करायची. दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार हे समुद्राचे माप. भर खाऱ्या पाण्याची घातली, तर ते बिघडते.

पंपाच्या पंख्यावर चुन्याचा थर बसतो. त्यासाठी साबण कदापि चालत नाही. पंप व्हिनेगर घातलेल्या पाण्यात तासभर ठेवला, की तो थर विरघळू लागतो. चिंचेने तांब्यापितळेची भांडी लखलखीत होताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना आंबट पदार्थाच्या या करामतीचे नवल वाटणार नाही. फेस काढणाऱ्या नळीचे काम याहून अप्रिय. तिच्यातील बारीक बुडबुडे पाण्यातील मळ वर आणून एका पेल्यात सोडतात. तो तपकिरी पेला मी धुवायला नेला, की घरातील मंडळी नाकाला पदर लावतात.

गाळणीचा स्पंज मात्र फार स्वच्छ करून चालत नाही. त्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्ती करतात आणि माशांच्या मलमूत्रातून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे रूपांतर करीत राहतात. नळाच्या पाण्यातील क्लोरिनने ते मरतात. म्हणून पेटीतूनच काढलेल्या पाण्यात स्पंज हलकेच पिळायचा. आमच्या आईला हे अजून पटलेले नाही. "मळक्या पाण्यात धुतलेले ते धुणे कसले?" असे ती दर रविवारी विचारते.

1846 मध्ये ॲना थिन या इंग्रज बाईंनी डेव्हनच्या किनाऱ्यावरून प्रवाळजीव लंडनला नेले. तेथे ताजे समुद्रजल वरचेवर मिळणे कठीण. तेव्हा त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून तेच पाणी रोज अर्धा-पाऊण तास एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. नाव झाले ते बाईंचे. हात दुखले असतील ते त्या मोलकरणीचे.

तिची आठवण मला एका पावसाळी रात्री प्रकर्षाने झाली. मध्यरात्री वीज गेली, पंप थांबला. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो. तास-दोन तासांतच मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. धाकटी मुलगी धावत जाऊन देवघरातला तांब्या घेऊन आली. तांब्याचा अंश समुद्रफुलासारख्या जीवांना विषासमान. तेव्हा तो परत पाठवून प्लॅस्टिकचा मग आणवला. मग पाणी उपसायचे आणि हातभर उंचीवरून पुन्हा पेटीत सोडायचे, असा क्रम सुरू झाला. कंदिलाच्या उजेडात पाळ्या लागल्या. माझा हात भरून आला, तेव्हा आईने न बोलता मग माझ्या हातातून घेतला.

पहाटे पाचच्या सुमारास वीज आली आणि पंप गुरगुरू लागला. मासे खाली उतरले. मिटून बसलेले समुद्रफूल एकेक बोट उघडू लागले. आईने मग पालथा घातला, ओला पदर पिळला आणि म्हणाली, "आता कोणीतरी चहा टाका."