काळी वीट

मैत्रिणींनो, जुनी वस्तू घेताना तिचा तळ आधी बघा! लोणंदला शेजारच्या आजींनी लेकाकडे राहायला जाताना लाकडी पेटी मला २०० रुपयांना दिली. पुसायला काढली, तर तळाशी काळीठिक्कर वीट! वजन २ किलो.

एका दुकानदाराने हातात तोलून ‘भेसळ आहे’ म्हणत मोघम रक्कम सांगितली. मी उठलेच. घरी काठोकाठ भरलेल्या पातेल्यात वीट हळूच सोडली नि सांडलेलं पाणी मापलं. १९४ मिलिलिटर. शुद्ध चांदी किलोला साधारण ९५ मिलिलिटर पाणी सांडते, जर्मन सिल्व्हर ११५च्या आसपास. म्हणजे चांदीच! पण आत शिसं भरलेलं असलं, तर पाणीही फसतं. म्हणून गलाईवाल्याकडून समोर भोक पाडून टंच काढून घेतला. ९० आला. म्हणजे शुद्ध चांदी १८०० ग्रॅम, भाव तेवढ्याचाच मागायचा.

पण पैसे कुणाचे, हो? पेटी मी घेतली होती, वीट नव्हे. लेकीची फी डोळ्यांसमोर होती, खोटं कशाला बोलू? दोन रात्री झोप नाही. मग आजींना फोन केला. वीट त्यांच्यासमोर विकली, पैसे त्यांच्याच हाती दिले.

पेटी मात्र त्यांनी परत घेतली नाही. आता तिच्यात आमच्या गोधड्या आहेत.