नाण्यावरचा छाप

माउली, परवा किराणा घेताना सुट्ट्या पैशांत दहाचे एक नाणे आले. एका बाजूचा छाप घासून कोणा हौशी हाताने त्यावर 'विठ्ठल' कोरले होते. दुसऱ्या दुकानात ते चालेना. शेवटी भाजीवालीला मी ते इतर नाण्यांत लपवून दिले. तिने लगेच वेचून परत केले. म्हणाली, "बुवा, नाव देवाचं हाय, पण माझ्याकडून पुढं कोण घेईल?" पन्नास वर्षे कीर्तनात ताठ राहिलेली मान खाली गेली.

आपल्याच नाशिक जिल्ह्यात, जोगलटेंभीला १९०६ साली क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील ९ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारला होता. चांदी वितळवली नाही, ठसा वरूनच ठोकला. म्हणून कित्येक नाण्यांत नहपानाचा जुना चेहरा अजून खालून डोकावतो.

माझेही तसेच झाले. गळ्यात माळ आली, कपाळी बुक्का लागला. खालचा लोभ मात्र दहा रुपयांसाठी वर आला. ते नाणे आता टाळांच्या पिशवीत ठेवले आहे. टाळ काढताना आधी तेच हाताला लागते. माउली, आपल्याही छापाखाली काय डोकावते, ते एकदा पाहावे.

राम कृष्ण हरी.