हबशांच्या देशातील उपवासाचे ताट

परदेशी पदार्थ घरी करून पाहण्याची हौस आता आमच्या घरातही चांगलीच रुजली आहे. सुना आणि नाती रविवार धरून एखादा देश ठरवितात. एका रविवारी इटली, दुसऱ्या रविवारी मेक्सिको. आम्ही म्हातारे पाटावरून उठून टेबलाशी बसण्यास शिकलो, तसे हेही शिकलो. मात्र एक गोष्ट आमच्या मनाला लागून राही. पदार्थ त्या देशाचा, पण वाढणे, जेवणे, यजमानपण सारे आपलेच. पदार्थ आणावा आणि त्याची पंगत तिकडेच ठेवावी, हे कितपत बरे? या प्रश्नाचा उलगडा आम्हांस एका प्रवासात झाला, आणि तो आमच्या स्वतःच्या एका चुकीतून झाला. ती हकीकत वाचकांपुढे मांडतो.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त इथिओपियाच्या राजधानीत, आदिस अबाबा येथे, काही वर्षे होते. त्यांच्या आग्रहावरून इ. स. २०१९ च्या मार्च महिन्यात आम्ही उभयता तिकडे गेलो. मुंबईहून विमान थेट जाते; सहा तासांच्या आतबाहेर प्रवास. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटर उंचीवर वसलेले असल्याने विषुववृत्त जवळ असूनही हवा महाबळेश्वरासारखी गार. शहराच्या नावाचा अर्थ ‘नवे फूल’.

हा देश मराठी माणसास अगदीच परका म्हणता येत नाही. जुन्या कागदपत्रांतील ‘हबशी’ ते या भूमीचे. तेथील डोंगराळ प्रदेशातील लोक आजही स्वतःस ‘हबेशा’ म्हणवितात. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखास आपल्याकडे ‘हबसाण’ म्हणत. गुलाम म्हणून विकला जाऊन दक्षिणेत आलेला, निजामशाहीचा आधारस्तंभ झालेला आणि इ. स. १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढले औरंगाबाद, वसविणारा मलिक अंबर हाही मूळचा तिकडचाच.

आम्ही गेलो तेव्हा तेथील ख्रिस्ती लोकांचा मोठा उपवास चालू होता. हा उपवास पंचावन्न दिवसांचा. याखेरीज दर बुधवारी व शुक्रवारी उपवास असतोच; सगळे मिळून वर्षातील दीडशेहून अधिक दिवस होतात. या दिवसांत मांस व अंडी तर नाहीतच, परंतु दूध, दही, लोणी, तूप हेही वर्ज्य. आमच्यासारख्या शाकाहारी माणसाची तेथे उपासमार होईल अशी घरच्यांना धास्ती होती. प्रत्यक्षात कोणत्याही खाणावळीत ‘त्सोम’, म्हणजे उपवास, एवढा एक शब्द उच्चारला की पोटभर जेवण समोर येई. गंमत अशी की, आपल्या उपवासास कांदालसूण चालत नाही व दूधतूप चालते. त्यांच्या उपवासास दूधतूप चालत नाही व कांदालसूण भरपूर चालते. निग्रह दोहोंकडे आहेच. वर्ज्यावर्ज्याची यादी तेवढी उलटी.

शेजारी एक निवृत्त गणितशिक्षक राहत. आम्हीही शाळामास्तर, हे कळताच त्यांनी एका शुक्रवारी आम्हांस जेवावयास बोलाविले. दाराशीच त्यांनी आमचे हात धरून सांगितले की, लहानपणी त्यांना भूगोल शिकविणारे गुरुजी हिंदुस्थानातून आलेले होते. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात आपल्याकडील पुष्कळ शिक्षक तेथील शाळांत शिकवीत, हे आम्ही ऐकून होतो. त्यांचा विद्यार्थी असा समोर उभा राहील असे वाटले नव्हते.

घरच्या मुलीने तांब्याने आमच्या हातांवर पाणी घातले. मग मध्यभागी एकच मोठे ताट आले. त्यावर ‘इंजेरा’ पसरलेला. इंजेरा म्हणजे आपल्या आंबोळीची थोरली बहीण म्हणावी; तेफ नावाच्या, खसखशीसारख्या बारीक धान्याच्या पिठाची, दोनतीन दिवस आंबविलेली, हातभर रुंद, मऊ, जाळीदार आणि आंबट. ती मातीच्या मोठ्या तव्यावर झाकण ठेवून भाजतात व उलटीत नाहीत. तिच्यावर निरनिराळ्या ढिगांत मसुरीचे तिखट कालवण, हळद घातलेली वाटाण्याची डाळ, पालेभाजी, कोबी-बटाटा-गाजराची भाजी, आणि मधोमध ‘शिरो’. शिरोचा पहिला घास घेताच आमच्या सौभाग्यवती उद्गारल्या, “अहो, हे तर पिठले!” खरोखरच ते भाजलेल्या हरभऱ्याचे, मसाला घालून दळलेल्या पिठाचे पिठलेच.

सर्वांनी त्याच ताटातून, उजव्या हाताने, आपापल्या बाजूने तुकडा मोडून खावयाचे, ही रीत. आम्ही आमच्या कडेची बाजू सांभाळून जेवू लागलो. तेवढ्यात गृहिणींनी इंजेराच्या तुकड्यात थोडे थोडे सर्व काही गुंडाळून एक मोठा घास केला आणि हात पुढे करून आमच्या तोंडापाशी आणला. याला ते ‘गुर्शा’ म्हणतात. पाहुण्याला आपल्या हाताने घास भरविणे हा तेथील स्नेहाचा व आदराचा कळस होय. हे चिरंजीवांनी आम्हांस आधीच सांगून ठेवले होते. तरीही साठ वर्षांची सवय आडवी आली. ज्या हाताने त्या जेवत होत्या त्याच हाताचा तो घास, म्हणजे उष्टा. आमची मान आपोआप बाजूला वळली. गृहिणींचा हात क्षणभर तसाच राहिला, मग खाली गेला. कोणी काही बोलले नाही. सौभाग्यवतींनी मात्र आपण होऊन तोंड पुढे केले व तो घास घेतला.

पुढे कॉफी झाली. हिरव्या बिया समोरच धुऊन, भाजून, त्यांचा धूर पाहुण्यांपुढे फिरवून, कुटून, मातीच्या ‘जबेना’त उकळून, तीन वेळा पेले भरले गेले. यजमान पूर्वीसारखेच प्रेमाने बोलत होते. आम्हांस मात्र कॉफीची चव कळली नाही.

घरी परतल्यावर नातवंडांनी हट्ट धरला की येत्या रविवारी ‘आजोबांचा देश’ करावयाचा. तेफ येथे कोठून मिळणार? परंतु तेथेही इंजेरा ज्वारीचा, नाचणीचा करतात. नाचणीचे मूळ पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशातच आहे. आपले कारळेही मूळचे तिकडचे. त्याच्या शास्त्रीय नावातच अबिसिनिया आहे. आपण त्याला खुरासणी म्हणून भलत्याच देशाचे करून टाकले. तेथे कारळ्याला ‘नूग’ म्हणतात, व उपवासाच्या दिवशी तुपाऐवजी त्याचे तेल वापरतात. म्हणजे आपली भाकरी आणि तिच्याबरोबरची कारळ्याची चटणी यांचे आजोळ आम्ही पाहून आलो होतो.

कृती अशी बसली. नाचणीचे पीठ दोन वाट्या, ज्वारीचे एक, तांदळाचे अर्धी वाटी, पातळ भिजवून दोन रात्री झाकून ठेवावे. वर आलेले पाणी हलकेच काढून टाकावे. एक डाव पीठ पाण्यात शिजवून घट्ट करावे, निवल्यावर मूळ पिठात मिसळावे व तासभर ठेवावे. यामुळे इंजेरा तुटत नाही. मीठ घालून तापल्या तव्यावर गोल ओतावे, जाळी पडताच झाकण ठेवावे, उलटू नये. शिरोसाठी बारीक चिरलेला कांदा प्रथम तेलावाचून, मंद आचेवर, हलवीत मऊ होईतो परतावा. मग तेल, लसूण, आले, लाल तिखट, मेथी, ओवा, कलौंजी व वेलदोडा यांची पूड घालावी. नंतर पाणी, आणि उकळी आल्यावर भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ वैरावे. चातुर्मासात कांदालसणीऐवजी हिंगावर भागते. तो खरा शिरो नव्हे, पण मुलांच्या पोटात आनंदाने जातो. मुलांसाठी तिखट निम्मे करावे.

ताट मध्ये मांडले तेव्हा खरी अडचण उभी राहिली. आमच्या वहिनी, म्हणजे वडील बंधूंच्या पत्नी, ऐंशी ओलांडलेल्या. घराचे सोवळेओवळे आजवर त्यांनीच राखले. “तुमचे कौतुक चालू द्या, माझे पान वेगळे वाढा,” असे म्हणून त्या आपल्या पाटावर बसल्या. कोणी आग्रह केला नाही. मुले एका ताटाभोवती दाटीने बसली, एकमेकांना घास भरवू लागली. इतक्यात आमचा धाकटा नातू, ज्याची अद्याप मुंज व्हावयाची आहे, घास घेऊन थेट वहिनींपुढे जाऊन उभा राहिला. वहिनींनी त्याच्याकडे पाहिले, तोंड उघडले व घास घेतला. “पिठले बरे झाले आहे,” एवढेच म्हणाल्या.

मग त्यांनी आम्हांस विचारले, “भावोजी, तिकडे कोणी असा घास दिला की नाही तुम्हांला?”

आम्हांस खोटे बोलवेना. घडले ते सांगितले.

वहिनी थोडा वेळ थांबून म्हणाल्या, “सोवळे माझ्या स्वयंपाकघरापुरते. दुसऱ्याच्या घरी आपण पाहुणे. त्या बाईने हात पुढे केला, आणि तुम्ही, मास्तर असून, तोंड फिरविलेत? आज पत्र लिहा.”

त्या रात्री आम्ही पत्र लिहावयास बसलो. जन्मभर मुलांना निबंध शिकविले, पण त्या पत्राचे पहिले वाक्य लिहावयास आम्हांस तासभर लागला. शेवटी साधेच लिहिले: आपल्या घरी एक घास आमच्याकडून राहून गेला, त्याची क्षमा असावी. उत्तर चिरंजीवांच्या हाती आले. गुरुजींनी लिहिले होते की, पुन्हा यावे, घास ठेवलेला आहे.

म्हणून आमची गृहिणींस एवढीच विनंती आहे. देशोदेशीचे पदार्थ घरी अवश्य करावे; मुलांची जीभ व दृष्टी दोन्ही त्याने मोठी होतात. परंतु पदार्थाबरोबर ते लोक कसे बसतात, पाहुण्यास काय देतात व काय मानतात, तेही मुलांस सांगावे, आणि जमेल तेवढे करून दाखवावे. सर्व काही स्वीकारलेच पाहिजे असे नाही. वहिनींचे पान आमच्याकडे अजूनही वेगळेच वाढले जाते. पण पुढे आलेला हात कोणाचा व कशासाठी, एवढे ओळखण्याइतके तरी शिकावे. आम्ही ते उशिरा शिकलो.