उस्तानीच्या दारावरची पाटी

चीनला कशाला? हा प्रश्न नात्यागोत्यातल्या प्रत्येकानं विचारला. एवढे पैसे साठवले होते तर उमरा का नाही केला, असंही काहींनी सुनावलं. उमराही करायचा आहे, इन्शाअल्लाह. पण बी.एड.ला एका बाकावर बसलेल्या आम्ही चौघी, सातारची मी, एक कराडची आणि दोघी सांगलीच्या, लग्न, मुलंबाळं, शाळा या रगाड्यात एकदाही एकत्र कुठं गेलो नव्हतो. कराडच्या मैत्रिणीची भाची झेंगझोउ शहरात डॉक्टरकी शिकते. महाराष्ट्रातली बरीच मुलं त्यासाठी चीनला जातात. ‘खाला, सुट्टीत या, मी फिरवते,’ असा तिचा आग्रह होता. 2024 च्या मे महिन्यात आम्ही निघालो.

झेंगझोउहून रेल्वेनं अर्ध्या तासात काइफेंग येतं. हजार वर्षांपूर्वी सोंग घराण्याची राजधानी इथं होती. 1049 साली बांधलेला तेरा मजली ‘लोखंडी मनोरा’ आम्ही पाहिला. नाव लोखंडी असलं तरी त्यात लोखंड नाही. झिलई दिलेल्या विटांचा रंग तेवढा गंजल्या लोखंडासारखा दिसतो.

सांगलीकर मैत्रिणींचं लक्ष मात्र मनोऱ्यापेक्षा नदीच्या गोष्टीकडं होतं. पीत नदी गाळ आणून टाकते, त्यामुळं तिचं पात्र शहराच्या जमिनीपेक्षा उंच झालं आहे. दोन्ही बाजूंना बांध घालून तिला आवरलेलं आहे. 1642 साली लढाईत हे बांध फुटले आणि अख्खं शहर बुडालं. आजच्या रस्त्यांखाली जुन्या शहरांचे थर आहेत. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा या दोघी आपापल्या घरातून नावेनं बाहेर पडल्या होत्या. त्यामुळं ही गोष्ट त्यांना वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

संध्याकाळी रात्रबाजारात शिगेवरचं मटण खाल्लं. चिनी मुसलमानांच्या गाड्यांवर ‘छिंगचन’ अशी पाटी असते. आपल्या ‘हलाल’च्या जागी तिथं हा शब्द. त्यांच्याच बोलीत मशिदीच्या मौलवीला ‘आहोंग’ म्हणतात. हा फारसीतला ‘आखुंद’ आहे, हे ध्यानात येताच माझ्यातली उर्दूची मास्तरीण खूश झाली.

पण आमच्या प्रवासात खरं बघण्यासारखं जे होतं, ते दुसऱ्या दिवशी एका अरुंद गल्लीत सापडलं. वांगजिया गल्लीतली बायकांची मशीद. पुरुषांच्या मशिदीतला पडद्यामागचा कोपरा किंवा माडीवरची खोली असं तिचं रूप नाही. स्वतंत्र दार, स्वतंत्र अंगण, वजूची स्वतंत्र जागा आणि बाई आहोंग. या मशिदीचं दार 1820 सालचं मानलं जातं. जुहरच्या नमाजाला दहा-बारा वयस्क बायका जमल्या. आहोंगबाई पुढं न जाता पहिल्या सफेतच, बायकांच्या बरोबरीनं उभ्या राहिल्या. आम्हीही मागं उभ्या राहिलो. नमाजानंतर एका आजीनं भाचीमार्फत विचारलं, ‘तुमच्याकडची बायकांची मशीद किती मोठी आहे?’ आमच्या चौघींपैकी कुणीच लगेच बोललं नाही.

या मशिदी सुरू कशा झाल्या, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आधी त्या मुलींच्या शाळा होत्या. मध्य चीनच्या मुसलमानांना साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी वाटू लागलं की घरातल्या आईला दीन कळत नसेल तर पुढच्या पिढीला कोण शिकवणार? म्हणून बायकांसाठी शाळा निघाल्या. शिकवणारी बाईच होती. शिकता शिकता नमाजही तिथंच होऊ लागली आणि शाळेची मशीद झाली.

आता आपल्याकडं बघा. माझी नानी नाझरा कुरआन एका उस्तानीकडं शिकली. ओसरीवर फाटकी चटई, समोर रहेल आणि गल्लीतल्या पंधरा-वीस पोरी. आपल्यापैकी बहुतेकींच्या आठवणीत अशी एक उस्तानी असेल. म्हणजे शिकवणारी बाई आपल्याकडंही होतीच. फरक एवढाच की तिला इमारत मिळाली नाही, पगार मिळाला नाही, दारावर पाटी लागली नाही. ती गेली की तिची शाळाही जायची.

सावित्रीबाईंचं माहेर नायगाव आमच्याच सातारा जिल्ह्यातलं. 1856 साली आजारपणात माहेरी असताना जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी फातिमाची काळजी केली आहे. तिला त्रास पडत असेल, याची ती काळजी.  सावित्रीबाईंचं नाव आज शाळाशाळांत आहे. फातिमाबद्दल मात्र धड कागदपत्रं मिळत नाहीत. आपल्या उस्तानींचं असंच होत आलं आहे.

चीनमध्ये सगळं आलबेल आहे, असं मी म्हणत नाही. 2018 नंतर तिथल्या अनेक मशिदींचे घुमट आणि अरबी अक्षरं सरकारनं उतरवली. अठरा वर्षांखालच्या मुलांना दीनी तालीम देण्यावर बंदी आहे. जी जागा मुलींची शाळा म्हणून सुरू झाली, तिथं आज मुलगीच दिसत नाही, म्हाताऱ्याच दिसतात. आपल्याला इथं अशी कुणाची आडकाठी नाही. पुण्याच्या एका दांपत्यानं 2019 साली मशीदप्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, तेव्हा मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानंही 2020 मध्ये लिहून दिलं की बाईला मशिदीत नमाजासाठी मनाई नाही. मनाई नाही, हे चांगलंच झालं. पण मनाई नसणं वेगळं आणि जागा असणं वेगळं.

माझ्या वर्गातल्या मुली सातवीनंतर गळू लागतात. ‘घरी बसून काय शिकणार?’ असं मी विचारते, तर आया म्हणतात, ‘टीचर, शाळा सुटल्यावर तिला बसायला सुरक्षित जागा कुठं आहे?’ या आयांना द्यायला माझ्याकडं आता निदान अर्धं उत्तर आहे. आम्ही चौघींनी दरमहा पाचशे-पाचशे रुपये काढायचं ठरवलं आहे. आमच्या मोहल्ल्यातली एक रिकामी खोली भाड्यानं मिळते आहे. तिथं रोज दोन तास, थोडं कुरआन, थोडी मराठी, थोडं गणित. शिकवायला एक पदवीधर मुलगी तयार आहे, आणि तिला पगार द्यायचा हे पक्कं आहे. दारावर पाटीही लावायची. तिच्यावर उस्तानीचं नाव आधी की शाळेचं, यावर मात्र आमचं अजून एकमत झालेलं नाही.