खाटेपासून उंबरठ्यापर्यंत

रुग्णालयात गेल्यावर आपण डॉक्टरांची खोली शोधता, औषधांचे दुकान शोधता, पैसे भरण्याची खिडकी शोधता. ‘वैद्यकीय समाजसेवा विभाग’ अशी पाटी असलेल्या दाराकडे मात्र आपली पावले क्वचितच वळतात. आपल्या देशात रुग्णालयातील पहिल्या समाजसेवकाची नेमणूक १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली. त्याच मुंबईतील दुसऱ्या एका सार्वजनिक रुग्णालयात, समाजकार्याचे शिक्षण घेत असताना, अशाच एका दारामागे मी काही महिने प्रशिक्षणार्थी म्हणून काम केले.

सुरुवातीचे दिवस शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि योजनांचे अर्ज यांत गेले. हे काम दुय्यम मुळीच नाही. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात, एवढे ठाऊक असले तरी एखाद्या घरातले दागिने वाचतात.

पण हे काम मला खऱ्या अर्थाने शिकवले ते खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या एका आजींनी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) घर चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, शौचालय गॅलरीच्या टोकाला. गुरुवारी घरी सोडायचे ठरले होते. खाटेशेजारी उभा राहून मुलगा म्हणाला, “आम्ही सगळे करू.” सून गप्प होती. माझ्या मार्गदर्शिका तिला व्हरांड्यात घेऊन गेल्या आणि त्यांनी एवढेच विचारले, “रात्री यांना कोण उठवणार?” तेव्हा कळले, की सुनेची कंबर वर्षभर दुखते आहे आणि पहाटे पाणी भरून ती नोकरीला जाते. मुलीचे घर तळमजल्यावर होते. सहा आठवडे तिकडे न्यावे, असे सर्वांचे मत पडले.

सर्वांचे, म्हणजे आजी सोडून. त्यांना विचारायला मार्गदर्शिकांनी मला पाठवले. अर्धा तास त्या चाळीविषयी, शेजारणींविषयी, देवघरातल्या दिव्याविषयी बोलत राहिल्या. मी मध्ये बोललो नाही. आमच्या कामात हे अंगी यायला सर्वांत जास्त वेळ लागतो. शेवटी त्या म्हणाल्या, “जाते लेकीकडे. पण परत यायची तारीख आत्ताच लिहून द्या.” मुलाने कागदावर तारीख लिहिली. तो कागद त्यांनी उशीखाली ठेवला.

आपल्या घरचे कोणी दाखल असेल, तर डिस्चार्जच्या दिवसाची वाट न पाहता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच त्या दाराशी जा. जिने किती, शौचालय किती लांब, रात्री सोबतीला कोण, हे सांगा. शुश्रूषा करणारे आपण असाल, तर स्वतःची कंबरदुखीही सांगा. मात्र रुग्णासमोर नव्हे, बाहेर व्हरांड्यात. आणि रुग्ण आपणच असाल, तर बरे होऊन कोठे जायचे आहे, हे कोणी विचारण्याआधीच सांगून टाका. खाटेभोवती उभे असलेले सगळेच घाईत असतात.